सिसिली टायसन : एका नकाराची कारकीर्द

सिसिली टायसन ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन अभिनेत्रीचे २८ जानेवारी २०२१ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी निधन झाले. त्यांचे आत्मकथन 'जस्ट ॲज आय ॲम' त्याच्या दोनच दिवस आधी प्रसिद्ध झाले होते. साठांहून अधिक वर्षे रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी ह्या तिन्ही ठिकाणी काम केलेल्या ह्या बाईंची ओळख आपल्याकडे जवळजवळ नाही. निग्रो साहित्य आपण वाचले, त्यावर चर्चा केली. रिचर्ड राइट आणि जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या बोलण्यात रुळली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचे नावच मुळी तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आले. पण काळ्यांच्या लढ्याचा एक भाग पडद्यावरही लढला गेला आणि तो काही स्त्रियांनी आपल्या देहाने, केसांनी, चालण्याने लढला, हे आपण फारसे ध्यानात घेतले नाही. चित्रपट म्हणजे करमणूक आणि नटी म्हणजे चवीने बोलायचा विषय, ही प्रस्थापितांची समजूत आपणही कळत नकळत उचललेली आहे.

ह्या लेखात मी त्यांना 'ती' न म्हणता 'त्या' म्हणतो आहे, आणि ते केवळ वयाचा मान म्हणून नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या बाईला 'मिस' किंवा 'मिसेस' म्हणायचे नाही, असा गोऱ्यांचा रिवाज होता. ती नव्वदीची असली तरी तिला नुसत्या नावाने हाक मारायची, फार तर 'आंटी' म्हणायचे. १९६३ साली अलाबामातील एका न्यायालयात सरकारी वकिलाने मेरी हॅमिल्टन ह्या कार्यकर्तीला नुसते 'मेरी' म्हटले. 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असे त्यांनी सांगितले. न्यायालयाचा अवमान केला म्हणून त्यांना शिक्षा झाली. ती रद्द करून घ्यायला प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले आणि १९६४ साली ती रद्द झाली. गावात साठीच्या म्हाताऱ्याला वाड्यावरच्या बारक्या पोराने 'ए' म्हणून पुकारलेले ज्याने ऐकले आहे त्याला ह्यात नवल वाटणार नाही. टायसन ह्यांची सर्वांत गाजलेली भूमिका 'मिस जेन पिटमन' ह्या नावाची आहे. त्या नावातला 'मिस' हा शब्द किती महाग होता, हे ठाऊक असल्याशिवाय ती भूमिका कळत नाही.

त्यांचा जन्म १९ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये झाला. (डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते ह्या हार्लेमला लागूनच आहे.) आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस ह्या चिमुकल्या बेटावरून पोटासाठी आलेले. वडील सुतारकाम आणि रंगकाम करीत. आई लोकांच्या घरी घरकाम करी. पोरगी नऊ वर्षांची असताना रस्त्यावर पिशव्या विकायची. घर कमालीचे धार्मिक. चर्चमध्ये गायचे, वाजवायचे, पण सिनेमा-नाटक पाहायचे नाही, कारण ते पाप. पुढे आईवडील वेगळे झाले. सतराव्या वर्षी सिसिलीला दिवस गेले, अठराव्या वर्षी लग्न झाले, एक मुलगी झाली आणि ते लग्न टिकले नाही. हे सारे त्यांनी जगाला सांगितले ते थेट शेवटच्या पुस्तकात. तोवर त्यांचे जन्मवर्षसुद्धा सगळीकडे १९३३ छापले जात होते. अभिनयाच्या धंद्यात शिरताना त्यांनी वयातून जवळजवळ दहा वर्षे वजा केली होती. काळ्या बाईला त्या दारातून आत यायचे तर तरुण असावे लागे. तिशी उलटलेल्या, मूल असलेल्या बाईला कोण घेणार?

त्या आधी अमेरिकन रेड क्रॉसच्या कचेरीत टंकलेखन करीत. आयुष्यभर ह्या यंत्रावर बोटे आपटण्यासाठी देवाने मला जन्माला घातले नाही, असे एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. मग मासिकांसाठी मॉडेल म्हणून काम, आणि त्यातून नाटक. आईला हे कळले तेव्हा तिने मुलीला घराबाहेर काढले. दोन वर्षे बोलणे बंद. ह्या आईला मागासलेली म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या घरची फरशी पुसून मुलीला कचेरीतल्या खुर्चीपर्यंत आणले, तिला ती खुर्ची सोडणारी मुलगी वेडीच वाटणार. पगाराची नोकरी म्हणजे काय, हे पहिल्या पिढीच्या घरातच समजते.

न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली झाँ जने ह्या फ्रेंच नाटककाराचे 'द ब्लॅक्स' हे नाटक सुरू झाले. त्यात काळे नट गोरे मुखवटे चढवून गोऱ्यांचा दरबार भरवतात आणि गोऱ्यांच्या मनातला 'काळा' कसा असतो तेच त्यांना करून दाखवतात. जेम्स अर्ल जोन्स, माया अँजेलो, लुई गॉसेट आणि सिसिली टायसन हे सगळे ह्या एकाच नाटकात होते. चौदाशेवर प्रयोग झाले. एका पूर्ण पिढीची ती कार्यशाळाच होती.

ह्याच सुमारास केसांची गोष्ट घडली. त्या काळी काळ्या स्त्रिया तापवलेल्या लोखंडी फणीने आणि जळजळणाऱ्या रसायनांनी केस सरळ करीत. निसर्गाने दिलेले कुरळे केस घेऊन बाहेर पडणे म्हणजे न विंचरता बाहेर पडणे, असे काळ्यांनाच वाटू लागले होते. दूरचित्रवाणीच्या एका नाट्यात आफ्रिकन स्त्रीची भूमिका करायची म्हणून टायसन ह्यांनी केस बारीक कापले आणि तसेच ठेवले. १९६३ साली सीबीएस वाहिनीवर 'ईस्ट साइड/वेस्ट साइड' ही समाजसेवकांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली. तीत त्या कचेरीतल्या सेक्रेटरीच्या भूमिकेत दर आठवड्याला दिसू लागल्या, त्याच केसांसह. अमेरिकेच्या दिवाणखान्यांत हे दृश्य नवे होते. आपल्या गिऱ्हाईक बायका आता केस सरळ करायला येईनाशा झाल्या, अशी तक्रार करणारी केशभूषाकारांची पत्रे आल्याचे टायसन पुढे सांगत. मालिका एका हंगामातच, २६ भागांनंतर बंद पडली. वर्णद्वेषाविषयीचा तिचा एक भाग तर दक्षिणेतल्या काही केंद्रांनी दाखवलाच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. काळ्या अभिनेत्रीला तोवर पडद्यावर जागा होती ती स्वयंपाकघरात. लठ्ठ, हसरी, डोक्याला फडके बांधलेली, गोऱ्या मालकिणीच्या पोरांवर जीव टाकणारी दाई म्हणजे 'मॅमी'. तिला नवरा नाही, स्वतःची पोरे असली तरी त्यांची आठवण नाही, संध्याकाळी ती कुठे जाते हे प्रेक्षकाला कधीच समजत नाही. 'गॉन विथ द विंड' (१९३९) मध्ये अशी मॅमी साकारणाऱ्या हॅटी मॅकडॅनिएल ह्यांना ऑस्कर मिळाले. ते मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. पण १९४० सालच्या त्या समारंभात त्यांना बाकी कलावंतांपासून दूर, भिंतीजवळच्या वेगळ्या टेबलावर बसवले होते. १९५२ साली त्या वारल्या तेव्हा त्यांची इच्छा होती त्या हॉलिवूडच्या दफनभूमीत त्यांना जागा नाकारण्यात आली. पंगत वेगळी आणि मसणवट वेगळी. एवढे वाचल्यावर ती अमेरिका आपल्याला परकी राहत नाही.

मॅकडॅनिएल ह्यांच्यावर काळ्यांच्याच संघटनांनी टीका केली की तुम्ही आमची गुलामी पडद्यावर गोड करून दाखवता. मोलकरीण असण्यापेक्षा मोलकरणीची भूमिका करून कितीतरी पट कमावणे बरे, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. त्यांना दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मलेले, यादवी युद्धात लढलेले सैनिक होते. त्यांना निवड कोणत्या दोन गोष्टींत होती? खऱ्या चुलीत आणि पडद्यावरच्या चुलीत. भाकरी हवी तर ह्या दोन्हींपैकी एकीपाशी बसणे भाग होते.

टायसन ह्यांनी जो नकार दिला तो ह्या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवा. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनीही आले ते काही केले. पण नाव होऊ लागले तसे त्यांनी ठरवले की काळ्या माणसाला हीन करणारी भूमिका करायची नाही. मग काम न मिळाले तरी चालेल. आणि काम खरोखरच मिळत नसे. 'द हार्ट इज अ लोनली हंटर' (१९६८) मधली त्यांची पोर्शिया वाखाणली गेली. त्यानंतर नाव घ्यावे असा चित्रपट मिळायला चार वर्षे गेली. मधल्या काळात दूरचित्रवाणीवर किरकोळ पाहुण्या भूमिका. आपल्याकडे 'नकार' हा शब्द आपण फार वापरतो. कवितेत तो लिहायला कागद लागतो. नटीने तो उच्चारला की त्या महिन्याचे घरभाडे जाते.

मात्र हा नकार मोलकरणीला होता, असे जे सरसकट लिहिले जाते ते मला पटत नाही. त्यांची स्वतःची आई घरकाम करी. नकार झाडूला नव्हता. जिच्या हातात झाडू आहे तिला घर, राग, लाज, नवरा, स्वप्न ह्यांपैकी काहीच नसते, असे मानणाऱ्या लेखणीला होता.

'साउंडर' (१९७२) ह्या चित्रपटात हे स्वच्छ दिसते. मार्टिन रिट ह्यांचे दिग्दर्शन, लॉनी एल्डर ह्या कृष्णवर्णीय नाटककाराची पटकथा. काळ १९३३ चा, मंदीचा. लुइझियानात दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने उसाची शेती करणारे मॉर्गन कुटुंब. आपल्याकडे अर्धलीने कसणारे असत तसेच हे. पीक निघाले की मालकाचा वाटा आणि दुकानदाराची उधारी जाऊन हाती शिल्लक काहीच नाही. शिकारीत काही हाती लागत नाही, पोरे उपाशी, म्हणून बाप मांस चोरतो. त्याला वर्षभराच्या सक्तमजुरीला पाठवतात. तो कुठल्या छावणीत आहे हेही बायकोला सांगत नाहीत. मागे राहते ती रेबेका. ती लोकांचे कपडे धुते, पोरांना घेऊन पीक काढते. दिग्दर्शकाने टायसन ह्यांच्यापुढे आधी शिक्षिकेची भूमिका ठेवली होती. रेबेकासाठी तुम्ही फार देखण्या आहात, असे त्यांचे म्हणणे. टायसन हटून बसल्या की करीन तर रेबेकाच. शिकलेली, नीटनेटकी बाई सोडून त्यांनी शेतातली बाई मागून घेतली, ह्याचा अर्थ वरच्या परिच्छेदाशी ताडून पाहावा.

ह्या चित्रपटातला एक प्रसंग जगभर गाजला. दूर रस्त्यावर लंगडत येणारी एक आकृती दिसते, कुत्रा भुंकू लागतो, रेबेका डोळ्यांवर हात धरून पाहते आणि धावत सुटते. ते धावणे देखणे नाही. हात वेडेवाकडे पसरलेले, पाय जड, तोंडातून नवऱ्याचे नाव. वर्षभर जी बाई दगडासारखी उभी होती तिच्या अंगात इतके प्रेम होते, हे त्या धावण्यात एकदम कळते. काळा नवरा आणि काळी बायको ह्यांचे साधे, सरळ प्रेम अमेरिकन पडद्याने तोवर फार क्वचित दाखवले होते.

चित्रपटाच्या शेवटी बाप मुलाला दूरच्या शाळेत पाठवतो. तिथे काळी शिक्षिका आहे आणि काळ्यांचा इतिहास शिकवला जातो. मुलगा जायला तयार नसतो. बाप लंगडा झालाय, शेतात हात कमी आहेत. बाप त्याला समजावतो आणि गाडीत घालून नेतो. मी तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवतो. हा चित्रपट वर्गात दाखवला तेव्हा सगळे ह्या शेवटावर खूश होते. एक मुलगी तेवढी उठून म्हणाली, "सर, पोरगं शाळेला गेलं, पण आता त्याच्या वाट्याचं काम कोण करणार?" वर्ग हसला. मला हसता आले नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्या महाविद्यालयाच्या वर्षांत माझी थोरली बहीण कोयत्यावर जात होती. तिच्या उचलीतून माझी फी भरली गेली. त्या मुलीच्या प्रश्नाला चित्रपट शब्दांत उत्तर देत नाही. निरोपाच्या वेळचा टायसन ह्यांचा चेहरा पाहिला की उत्तर समजते. रेबेका करणार. तिला ते माहीत आहे आणि तरी ती मुलाला अडवत नाही. 'शिका' हा शब्द जिथे जिथे उच्चारला गेला तिथे मागे एक रेबेका उभी आहे. तिच्यावर आपण फारच थोडे लिहिले.

ह्या भूमिकेसाठी टायसन ह्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. त्याच वर्षी डायना रॉस ह्यांनाही मिळाले. म्हणजे प्रमुख अभिनेत्रीच्या विभागात एकदम दोन काळ्या स्त्रिया. त्याआधी ह्या विभागात १९५४ च्या चित्रपटासाठी डोरोथी डँड्रिज ही एकटीच. पारितोषिक दोघींनाही मिळाले नाही.

पण त्या निमित्ताने झालेल्या पत्रकारांच्या भेटीगाठींत एक गोष्ट घडली, ती टायसन पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. एक गोरा पत्रकार उठला आणि म्हणाला की हा चित्रपट पाहीपर्यंत मी स्वतःला वर्णद्वेषी समजत नव्हतो. पण त्यातला मुलगा बापाला 'डॅडी' म्हणतो ते मला खटकले. माझा मुलगा मला तशीच हाक मारतो. आपण ज्याला माणूस मानतो असे आपल्याला वाटते, त्याच्या पोरानेही बापाला आपल्यासारखीच हाक मारावी, एवढेही त्या गृहस्थाला सहन झाले नव्हते. आणि तो प्रामाणिक होता, म्हणून बोलला तरी. टायसन म्हणत, त्या दिवशी मला कळले की नुसते नटी होऊन राहण्याची चैन मला परवडणार नाही. माझे काम हेच माझे व्यासपीठ.

हा काळ लक्षात घ्या. १९७१ चा 'शाफ्ट', १९७२ चा 'सुपर फ्लाय', असे काळ्या नायकांचे मारधाडपट तेव्हा धो धो चालत होते. नायक पिस्तूलवाला, नाहीतर कोकेन विकणारा. त्या चित्रपटांना मी सरसकट कचरा म्हणणार नाही. गोऱ्याला मार खाताना पडद्यावर पाहणे ही सुद्धा एक भूक होती, आणि ती भूक आपल्या पँथरच्या पोरांना लगेच कळली असती. पण त्यांत बाई होती ती नायकाच्या पलंगापुरती. टायसन ह्यांनी ह्या लाटेवर उघड टीका केली. स्वतःच्याच लोकांच्या पोटावर पाय देते, असे ऐकून घेतले.

३१ जानेवारी १९७४ रोजी सीबीएसने 'द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन' हा दूरचित्रवाणीपट दाखवला. लुइझियानातल्याच एका मळ्यावर जन्मलेल्या अर्नेस्ट गेन्स ह्यांच्या १९७१ च्या कादंबरीवरून तो केलेला. नावात आत्मचरित्र असले तरी जेन काल्पनिक आहे. गुलामगिरीत जन्मलेली ही बाई नागरी हक्कांच्या लढ्यापर्यंत जगते, म्हणजे एकाच आयुष्यात काळ्यांच्या शंभर वर्षांचा इतिहास. टायसन ह्यांनी तरुणपणापासून ११० वर्षांपर्यंतची जेन केली. म्हातारपणाचा मेकअप करायला तासन् तास लागत. तो करणारे स्टॅन विन्स्टन आणि रिक बेकर पुढे आपल्या क्षेत्रात मोठे झाले. पण मेकअप सुरकुत्या देतो, म्हातारपण देत नाही. त्यासाठी त्या वृद्धाश्रमांत जाऊन बसल्या, अतिवृद्ध बायका कशा उठतात, कुठे थांबतात, बोलताना जीभ कशी अडखळते ते त्यांनी पाहिले.

शेवटचा प्रसंग असा. नागरी हक्कांसाठी लढणारा गावातला तरुण मारला गेला आहे. ११० वर्षांची जेन गाडीतून न्यायालयाच्या इमारतीपाशी येते. तिथे पाणी पिण्याचा नळ आहे, फक्त गोऱ्यांसाठीचा. काठी टेकत ती एकटी त्या नळाकडे चालू लागते. पोलीस पाहतायत, तिच्या मागे आलेली माणसे पाहतायत. कॅमेरा घाई करीत नाही. तिची चाल इतकी संथ आहे की पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. ती नळापाशी पोचते, वाकते, पाणी पिते, तोंड पुसते आणि परत फिरते. एक शब्द नाही.

हे पाहताना आपल्याला २० मार्च १९२७ चे महाड आठवणारच. न आठवले तरच आश्चर्य. पण दोन्हींत एक फरक आहे, आणि तो टिपून ठेवण्यासारखा आहे. महाडला बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे तळ्यावर गेली; तो सामुदायिक सत्याग्रह होता. अमेरिकन दूरचित्रवाणीला लढा दाखवायचा होता तो एका म्हातारीच्या एकट्या पावलांतून. जमाव दाखवला असता तर दिवाणखान्यातला गोरा प्रेक्षक बिचकला असता, असा माझा तर्क आहे. नळाचा हा प्रसंग मूळ कादंबरीत नाही, तो पटकथेतला आहे. आणखी एक बदल मला जास्त सलतो. कादंबरीत जेनची कहाणी ध्वनिफितीवर उतरवून घेणारा इतिहासाचा एक शिक्षक आहे. चित्रपटात त्याच्या जागी गोरा पत्रकार बसवला. काळ्या म्हातारीची स्मृती तिच्याच समाजातला मास्तर जपतो आहे, हे बहुधा निर्मात्यांना फारसे विकाऊ वाटले नसावे. असे असूनही त्या चालण्यात टायसन ह्यांनी जे भरले ते कोणालाही काढून घेता आले नाही. चित्रपटाला नऊ एमी पारितोषिके मिळाली, त्यांतली दोन टायसन ह्यांची.

पुढची यादी थोडक्यात सांगतो. 'रूट्स' (१९७७) मध्ये कुंटा किंटेची आई बिंटा. 'किंग' (१९७८) मध्ये कोरेटा किंग. त्याच वर्षी 'अ वुमन कॉल्ड मोझेस' मध्ये गुलामांना पळवून मुक्त करणारी हॅरिएट टबमन. शिक्षक वाचकांनी 'द मार्वा कॉलिन्स स्टोरी' (१९८१) मुद्दाम लक्षात ठेवावा. सरकारी शाळेने 'मंद' म्हणून टाकून दिलेल्या शिकागोच्या काळ्या मुलांना घेऊन १९७५ साली स्वतःची शाळा काढणाऱ्या शिक्षिकेची ही खरी कहाणी आहे. आपल्या मुलांच्या पाठीवर असे शिक्के मारणाऱ्या शाळा मी जवळून पाहिल्या आहेत.

जॅझ संगीतकार माइल्स डेव्हिस ह्यांच्याशी त्यांचे १९८१ साली लग्न झाले आणि त्याच दशकाच्या अखेरीस मोडले. त्यावर रकानेच्या रकाने भरले गेले आहेत. व्यसनात बुडालेल्या त्या थोर माणसाला वर काढण्यात ह्या बाईची ऐन उमेदीची वर्षे गेली, एवढे मला पुरे वाटते.

उतारवयात त्यांच्या भूमिकांची मर्यादा पुन्हा जाणवते. 'द हेल्प' (२०११) मध्ये त्यांनी मोलकरीणच केली, गोऱ्या मुलीला वाढवून शेवटी हाकलून दिलेली कॉन्स्टंटाइन. तो चित्रपट मला आवडत नाही. काळ्या मोलकरणींची दुःखे गोऱ्या लेखिकेच्या हातून सुटतात, हा त्याचा गाभा. मोलकरणीच्याच भूमिकेसाठी ऑक्टेव्हिया स्पेन्सर ह्यांना २०१२ साली ऑस्कर मिळाले, म्हणजे मॅकडॅनिएल ह्यांच्यानंतर ७२ वर्षांनी पुन्हा तेच स्वयंपाकघर. टायसन त्यात थोडाच वेळ दिसतात. पण दाराबाहेर काढलेल्या त्या म्हातारीचा अपमान त्यांनी असा दाखवला आहे की गोड चित्रपटात खडा लागावा.

२०१३ साली, तीस वर्षांनी, त्या ब्रॉडवेवर परतल्या. 'द ट्रिप टु बाउंटिफुल' हे हॉर्टन फूट ह्यांचे नाटक मुळात एका गोऱ्या म्हातारीचे. मरण्यापूर्वी आपले गाव एकदा पाहण्याची तिची ओढ. जेराल्डीन पेज ह्यांचा चित्रपट पाहिल्यापासून टायसन ह्यांच्या मनात ती भूमिका होती. त्यांनी ती काळी बाई म्हणून केली आणि एक शब्दही न बदलता अर्थ पालटला. नाटकात ती म्हातारी एक भजन गाते. प्रेक्षागृहातल्या काळ्या बायका आपोआप तिच्याबरोबर गाऊ लागत. ८८ व्या वर्षी त्यांना टोनी पारितोषिक मिळाले. २०१६ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळाले. २०१८ साली सन्माननीय ऑस्कर, 'साउंडर' च्या नामांकनानंतर ४५ वर्षांनी. प्रस्थापितांना आपल्या माणसाचा गौरव करावासा वाटतो तो त्याचे हातपाय थकल्यावर, हे तिथेही खरे.

व्हायोला डेव्हिस ह्या आजच्या मोठ्या कृष्णवर्णीय अभिनेत्री. त्या ऱ्होड आयलंडमधल्या अत्यंत दरिद्री घरात वाढल्या. लहानपणी दूरचित्रवाणीवर 'मिस जेन पिटमन' पाहिला आणि आपल्यासारखी दिसणारी बाई हे करू शकते, हे त्यांना तिथे समजले, असे त्या सांगतात. 'हाऊ टु गेट अवे विथ मर्डर' ह्या मालिकेत टायसन त्यांच्या आई झाल्या. २०१५ मधल्या एका भागात ही नव्वदीतली आई नामवंत वकील झालेल्या, खचलेल्या मुलीला आपल्या पुढ्यात बसवते आणि तिचे कुरळे केस फणीने विंचरते. १९६३ चे ते केस ज्यांना आठवत होते त्यांना हा प्रसंग वेगळा दिसला असणार.

न्यूजर्सीमधल्या ईस्ट ऑरेंज येथे त्यांच्या नावाची सार्वजनिक शाळा आहे. तिथे नृत्य, नाट्य, संगीत शिकवतात. नाव देऊन मोकळ्या न होता त्या तिथे जात-येत राहिल्या.

वर्गात किंवा वस्तीत दाखवायचे असेल तर 'साउंडर' पासून सुरुवात करावी. तो पावणेदोन तासांचा आहे. त्यातली बोली आपल्या विद्यार्थ्यांना जड जाते, म्हणून कथा आधी मराठीत सांगून ठेवावी आणि वाट्याच्या शेतीचा हिशेब फळ्यावर मांडावा. 'जेन पिटमन' चा शेवट स्वतंत्रपणेही दाखवता येतो. त्याला भाषांतर लागत नाही.